एल्कची शिकार आणि खेचरांवरची छावणी : हीलाच्या रानातील एका सेवेचे परीक्षण

न्यू मेक्सिको राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील हीला राष्ट्रीय वनात एल्कच्या शिकारीला जाणाऱ्यांसाठी अनेक व्यावसायिक सेवा उपलब्ध आहेत. सगळ्यात महाग सेवेत वाटाड्या, स्वयंपाकी, घोडे, तंबू असा सारा सरंजाम असतो आणि शिकाऱ्याने केवळ बंदूक घेऊन हजर व्हायचे असते. सगळ्यात स्वस्त सेवेत शिकार झाल्यावर मांस तेवढे खेचरांवर लादून रस्त्यापर्यंत आणून दिले जाते. या दोहोंच्या मधली जी सेवा आहे तिला इकडे ‘ड्रॉप कॅम्प’ म्हणतात. सेवा देणारी मंडळी तुम्हाला आणि तुमच्या सामानाला घोड्या-खेचरांवरून रानात आतवर नेतात, आधीच उभारून ठेवलेल्या छावणीत सोडतात आणि परत जातात. जनावर शोधणे, मारणे, सोलणे, स्वयंपाक करणे ही सगळी कामे तुमची. मोसम संपल्यावर, किंवा त्याआधी शिकार झाल्याचा निरोप मिळाल्यावर, खेचरे पुन्हा येतात. गेल्या ऑक्टोबरात मी आणि माझा एक सहकारी अशा छावणीत राहून आलो. ज्या कुटुंबाची ही सेवा आहे त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्या एका घरापेक्षा या धंद्याच्या सर्वसाधारण उणिवा म्हणून वाचल्या जाव्यात, असे मला वाटते.

अशा सेवांच्या जाहिराती मोठाल्या शिंगांच्या छायाचित्रांनी भरलेल्या असतात आणि गिऱ्हाईकही त्याच छायाचित्रांवरून निवड करते. माझ्या मते हा निकष चुकीचा आहे. ड्रॉप कॅम्पवाले तुम्हाला एल्क दाखवत नाहीत, त्यामुळे शिंगांचे श्रेय किंवा अपश्रेय त्यांचे नसते. त्यांची खरी परीक्षा गोळी लागल्यानंतर सुरू होते. तीनशे किलोंच्या जनावराचे मांस रस्त्यापासून कित्येक मैल आत, आठ हजार फुटांवर, दिवसाच्या उन्हात पडलेले असताना ते किती लवकर आणि किती स्वच्छ बाहेर येते, यावरच या सेवेचे मोल ठरवले पाहिजे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. एल्क हा काश्मीरच्या हंगुलाच्या कुळातला, पण त्याहून बराच मोठा मृग आहे. न्यू मेक्सिकोतील मूळचा एल्क विसाव्या शतकाच्या आरंभी शिकारीपायी नामशेष झाला आणि आज दिसणारे कळप हे यलोस्टोनसारख्या रॉकी पर्वतातील प्रदेशांतून आणून सोडलेल्या जनावरांची प्रजा आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा मार्ग बंद झाला. अमेरिकेने मात्र शिकार मर्यादित करून तिच्याच पैशांतून वन्यजीव राखण्याचा मार्ग पत्करला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर घेतला जाणारा केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे जातो. हा मार्ग कोणाला पटो अथवा न पटो, येथील परवान्यांची, मोसमांची आणि हद्दींची सगळी चौकट त्यावर उभी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय नियोजनाला हात घालता येत नाही.

नियोजनाची सुरुवात हिवाळ्यात होते. हीलामध्ये एल्कचा परवाना दुकानात जाऊन विकत घेता येत नाही. त्यासाठी मार्च महिन्यात अर्ज करावा लागतो आणि वसंतात सोडत निघते. म्हाडाच्या घरांइतकीच ही सोडत नशिबाची असते. शेजारच्या बहुतेक राज्यांत दरवर्षी अर्ज करणाऱ्याच्या खात्यावर गुण साठत जातात आणि जुन्या अर्जदाराला झुकते माप मिळते. न्यू मेक्सिकोत तसे काहीही नाही, पहिल्यांदा अर्ज करणारा आणि विसाव्यांदा करणारा दोघेही सारखेच. कायद्याने परवान्यांपैकी किमान ८४ टक्के राज्यातील रहिवाशांसाठी, १० टक्के नोंदणीकृत व्यावसायिकाशी आधीच करार केलेल्या अर्जदारांसाठी आणि उरलेले ६ टक्के बाहेरच्यांसाठी ठेवले आहेत. डॅलस किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी वाचकाला हे आकडे महत्त्वाचे आहेत, कारण करार केलेल्यांच्या वाट्यातून अर्ज केल्यास त्याची संधी सहसा वाढते. मात्र अशा करारासाठी व्यावसायिक भरमसाट रक्कम सांगू शकतो, हेही त्याने लक्षात ठेवावे.

या टप्प्यावर आम्हाला मिळालेली वागणूक उत्तम होती. आम्ही दोघेही अल्बुकर्कीचे रहिवासी असल्याचे कळताच, आम्हाला त्या दहा टक्क्यांच्या वाट्याची गरज नाही आणि करार सोडतीच्या निकालानंतर केला तरी चालेल, असे त्यांनी फोनवर स्वतःहून सांगितले. अर्जात पसंतीक्रमाने पर्याय द्यायचे असतात. पहिला पर्याय स्वप्नाचा, दुसरा बरा आणि तिसरा मिळण्याजोगा असावा, हा त्यांचा सल्लाही व्यवहारी होता. हीलाच्या परिसरातील १६ ए ते १६ ई हे शिकारीचे विभाग मोठ्या शिंगांसाठी देशभर प्रसिद्ध असल्याने तेथे अर्जांची झुंबड उडते. त्यातल्या त्यात माजाच्या काळातील, म्हणजे सप्टेंबरातील, धनुष्यबाणाचे परवाने मिळणे सर्वांत कठीण. आमच्या पदरात ऑक्टोबरातील रायफलचा परवाना पडला. रायफलच्या मोसमाचे तुकडे अवघ्या पाच-पाच दिवसांचे असतात, त्यामुळे दिवस वाया घालवण्याची चैन परवडत नाही, आणि ड्रॉप कॅम्पसाठी पैसे मोजण्याचे पहिले समर्थन हेच आहे.

येथे दोन कागदपत्रांचा उल्लेख आवश्यक आहे. न्यू मेक्सिकोत असा धंदा करणाऱ्याची राज्याकडे नोंदणी असावी लागते, आणि राष्ट्रीय वनाच्या हद्दीत छावणी लावायची तर वन सेवेचा, म्हणजे केंद्राच्या वनखात्याचा, व्यावसायिक परवाना वेगळा लागतो. पहिला कागद जवळजवळ सगळेच दाखवतात. दुसरा मागितला की काहींचा सूर बदलतो. आम्हाला दोन्हींच्या प्रती विनातक्रार मिळाल्या. दुसरी बाब व्हिसाची. एच-वन-बी किंवा तत्सम बिगर-स्थलांतरित व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकी केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, पण राज्याने दिलेला वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्याला अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना हा अडसर नाही. व्हिसावर असलेल्या माणसाने बंदुकीला हात लावण्यापूर्वी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा, कारण येथे चुकीची किंमत केवळ दंडापुरती राहत नाही.

अल्बुकर्कीहून निघाल्यावर सोकोरोपर्यंत दक्षिणेला आणि तेथून मॅग्डलीना, डेटिल असे करत पश्चिमेला जावे लागते. वाटेत सॅन ऑगस्टिनच्या विस्तीर्ण मैदानात ‘व्हेरी लार्ज ॲरे’ या रेडिओ दुर्बिणीच्या २७ तबकड्या रुळांवर मांडलेल्या दिसतात. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी पाहिलेल्या मराठी माणसाला गाडी थांबवल्यावाचून राहवत नाही, आणि थांबावेही, कारण ते मैदानच सात हजार फुटांवर आहे आणि शरीराला उंचीची सवय तेथूनच होऊ लागते. या प्रदेशाला ‘उंचावरचे वाळवंट’ म्हणतात ते का, हे याच रस्त्यावर कळते. खाली करडे गवत आणि काटेरी झुडपे, त्यावर पिन्यॉन आणि जुनिपरची बुटकी झाडी, त्याहून वर पाँडेरोसा पाइनचे उंच रान आणि सगळ्यात वर, व्हाइटवॉटर बाल्डीच्या १०,८९५ फूट उंच माथ्याकडे, फर आणि स्प्रूस. एल्क या सगळ्या थरांतून पाण्याच्या आणि चाऱ्याच्या मागे वरखाली फिरतो. पावसाळा येथेही असतो, जुलै ते सप्टेंबर. पण तो असमान असतो, एका घळीत ओढा भरून वाहतो तर पलीकडची घळ कोरडी ठणठणीत. पाऊस चांगला झाला तर पाणी सर्वत्र असते आणि एल्क पांगतात. पाऊस दगा देतो तेव्हा ते मोजक्या पाणवठ्यांभोवती जमतात. म्हणून ऑगस्टअखेरीस पावसाची परिस्थिती विचारणारा गिऱ्हाईक नकाशे पाठ करणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा शहाणा समजावा.

समुद्रसपाटीवरून येणाऱ्यांसाठी एक सूचना सेवेच्या पत्रकात ठळक छापायला हवी होती, ती बारीक अक्षरांत होती : मोसम सुरू होण्याच्या निदान दोन दिवस आधी पोहोचा. ह्यूस्टनहून विमानाने येऊन दुसऱ्या दिवशी आठ हजार फुटांवर चढ चढू पाहणाऱ्याचे डोके दुखते, भूक मरते, आणि पाच दिवसांपैकी दोन तंबूत जातात.

हीलाच्या गाभ्याचा भाग ३ जून १९२४ रोजी वन सेवेतील अधिकारी आल्डो लिओपोल्ड यांच्या प्रस्तावावरून ‘विल्डरनेस’ म्हणून राखण्यात आला. अशा प्रकारे राखलेले हे जगातील पहिले रान मानले जाते. १९६४ च्या कायद्यानुसार अशा क्षेत्रात मोटार, सायकल, एवढेच काय, मांस ओढायची हातगाडीसुद्धा चालत नाही. साखळी-करवतही वर्ज्य. याचा अर्थ असा की येथे माणसाची पाठ किंवा जनावराची पाठ, एवढेच पर्याय उरतात. २०१२ च्या व्हाइटवॉटर-बाल्डी वणव्यात जवळपास तीन लाख एकर रान होरपळले. त्यानंतर जळक्या उतारांवर ॲस्पेन आणि गवत फोफावले, ते एल्कच्या पथ्यावर पडले. पण उभी वाळलेली खोडे अजूनही वाऱ्यात कोसळतात आणि पायवाटा अडवतात. आमची वाट मोकळी होती. ती मोकळी असण्यामागे या कुटुंबातील दोन माणसांचे उन्हाळाभराचे काम होते, दोन हातांनी ओढायच्या लांब करवतीने ओंडके कापत जाण्याचे. वाटेत ताज्या कापाचे पिवळे गोल दिसत राहिले. जाहिरातीत याचा एका ओळीनेही उल्लेख नाही, आणि मला विचाराल तर अर्धे पैसे त्याचेच आहेत.

सामान लादण्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी होती. खेचराच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पेट्या प्रत्येक वेळी काट्याला टांगून तोलल्या जात. एका बाजूला एक-दोन किलो जरी जास्त भरले तरी त्या कुटुंबातला म्होरक्या मुलगा आमची पिशवी उघडून कांदे-बटाटे इकडचे तिकडे करी, कारण वजनात फरक राहिला तर खोगीर सरकते आणि मैलभरात खेचराच्या पाठीला जखम होते. एका खेचरावर साधारण ७० किलोंपेक्षा जास्त लादायचे नाही, हा त्यांचा नियम होता आणि आमच्या विनवणीने तो वाकला नाही. शेवटी आमची एक मोठी शीतपेटी गाडीतच राहिली. त्या वेळी राग आला, पण जनावरांची पाठ जपणारा माणूस मांसही जपून आणतो, हे पुढे दिसले.

छावणीत जाड कॅनव्हासचा उंच भिंतींचा तंबू, त्यात लाकडावर चालणारी पत्र्याची शेगडी, दोन खाटा, गॅसचा दोन तोंडांचा स्टोव्ह, भांडी, पाण्याच्या टाक्या आणि सरपण एवढे होते. तंबू कोरडा होता, शेगडीचे धुराडे स्वच्छ होते आणि सरपण वाळलेले व फोडलेले होते. भांड्यांत तवा जाड बिडाचा होता, त्यामुळे भाकरी झकास झाली. डाळीचे मात्र वेगळे. आठ हजार फुटांवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर उकळूनही गळत नाही. प्रेशर कुकर स्वतःचा न्यावा. पिठले या उंचीवर बिनधोक होते आणि दमून आलेल्या माणसाला ते पुरते. अस्वलांमुळे अन्न झाडाला उंच टांगण्यासाठी दोर आणि कप्पी दिली होती, हीही समाधानाची बाब. या रानात काळी अस्वले आणि प्यूमा आहेत, शिवाय १९९८ पासून ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या सीमाभागात पुन्हा सोडलेले मेक्सिकन लांडगेही आहेत. लांडगा कायद्याने संरक्षित आहे आणि लांबून कोल्हेवजा कायोटीसारखा दिसू शकतो, याची ताकीद आम्हाला निघताना दिली गेली, ती द्यायलाच हवी होती.

आता तक्रारी. पहिली पाण्याची. पत्रकात छावणीजवळ ‘बारमाही झरा’ लिहिला होता. प्रत्यक्षात तो दगडाखालून बोटभर धारेने झिरपत होता आणि एक टाकी भरायला बराच वेळ लागे. झऱ्याचा दोष त्यांचा नाही, कोरड्या वर्षी असे होणारच. पण ते लोक सप्टेंबरात तेथे छावणी उभारायला गेले होते, तेव्हा त्यांना हे दिसलेच असणार आणि एक फोन करून सांगता आले असते. सांगितले असते तर आम्ही गाळणी एकाऐवजी दोन नेल्या असत्या.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे आणि ती छावणीच्या जागेविषयी आहे. डोंगरातील हवा दिवसातून दोनदा दिशा बदलते. ऊन चढले की उतार तापतात आणि हवा दरीतून वर सरकते. सूर्य कलला की तीच हवा गार होऊन पाण्यासारखी उतारावरून खाली वाहू लागते आणि सकाळी ऊन लागेपर्यंत वाहतच राहते. एल्कची नजर ठीक असते, कान चांगले असतात, पण त्याचे नाक या सगळ्यांवर ताण आहे. माणसाचा वास लागला की तो डोके वर करून खात्री करत बसत नाही, कळपासह डोंगर ओलांडतो. आमची छावणी एका लांबट गवताळ कुरणाच्या वरच्या तोंडाशी होती. जागा सपाट, वाऱ्यापासून आडोशाची आणि घोडे बांधायला सोयीची. पण संध्याकाळी शेगडीचा धूर, फोडणीचा वास आणि आमच्या अंगाचा वास थेट त्या कुरणात उतरत होता, म्हणजे जेथे एल्क चरायला यायचे तेथेच. कुरणाच्या कडेने जुन्या लेंड्या, खुरांचे माग आणि शिंगे घासून सोललेली पाइनची रोपे सर्वत्र होती, ताजे मात्र काहीच नव्हते. छावणी कुठे असावी हे खेचरांची सोय पाहून ठरवले जाते, शिकाऱ्याची सोय पाहून नाही, हा या धंद्यातील नेहमीचा दोष आहे. बुकिंग करतानाच छावणीचे अक्षांश-रेखांश मागून घ्यावेत, उंचीच्या रेषा असलेल्या नकाशावर ती जागा पाहावी आणि संध्याकाळची हवा तेथून कुठे उतरेल याचा विचार करावा. ती चरण्याच्या जागेकडे उतरत असेल तर दुसरी जागा मागावी.

आम्ही मग कुरणाचा नाद सोडला. ऑक्टोबरात माज ओसरत आलेला असतो; शिट्टीसारखी चढत जाणारी नरांची साद पहाटे अधूनमधून ऐकू येते, पण सप्टेंबरात ती ऐकून जनावराकडे जाता येते तसे आता होत नाही. थकलेले मोठे नर माद्यांपासून दूर, उत्तरेकडच्या गर्द उतारांवर, पाणी आणि चारा हाकेच्या अंतरावर असलेल्या अडचणीच्या कोपऱ्यांत जाऊन पडतात. त्यांना चालत शोधण्यापेक्षा पहाटेच्या अंधारात एखाद्या उघड्या सोंडेवर जाऊन बसावे आणि उजाडल्यापासून दुर्बिणीने समोरचे उतार तुकड्या-तुकड्याने चाळावेत. कायद्याने गोळीबाराची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. या दोन कडांवरचा तास-दीड तासच खरा कामाचा असतो. छावणीपासून दक्षिणेला असलेल्या सोंडेचा पत्ता आम्हाला म्होरक्या मुलाने जाता जाता दिला होता. खेचराचा पट्टा आवळता आवळता मान न वळवता तो म्हणाला, “तिकडे कोणी जात नाही, परत येताना चढ आहे म्हणून.” करारात नसलेली ही एवढी माहिती त्या पत्रकातील सगळ्या मजकुरापेक्षा उपयोगी ठरली.

मोसमाच्या मध्यावर माझ्या सहकाऱ्याने त्या सोंडेखालच्या घळीत एक मध्यम वयाचा नर टिपला. एल्क पडल्यावर घड्याळ सुरू होते. त्याची कातडी जाड आणि केस दाट, आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि दिवसा ऊन असेल तर मागच्या फऱ्यात, मांडीच्या हाडाच्या खुब्यापाशी मांस आतून आंबू लागते. वरून ते लालभडक आणि ताजे दिसत असते. म्हणून आधी कायद्याप्रमाणे परवान्याची खूण लावून लगेच कातडी सोडवावी, चारही फरे वेगळे करावेत, पाठीच्या लांब पट्ट्या आणि आतल्या बाजूचे कोवळे तुकडे काढून घ्यावेत, आणि सगळे जाळीदार सुती पिशव्यांत घालून सावलीत, हवा खेळेल असे, जमिनीपासून उंच टांगावे. खाण्याजोगे मांस रानात सोडून येणे हा येथे गुन्हा आहे. शिंगे आणली आणि मांस टाकले, असे करणाऱ्याला परवाना गमवावा लागू शकतो. मागचा एकेक फरा हाडासकट ३० किलोंच्या आसपास भरला. एवढे वजन पाठीवर घेऊन ती घळ वर चढून येणे म्हणजे काय असते, हे आम्ही छावणीपर्यंतच्या अंतरात अनुभवले आणि त्यापुढच्या वाटेसाठी आपण पैसे भरले आहेत याचे मनापासून समाधान वाटले.

निरोप आम्ही उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या छोट्या यंत्राने दिला. हे यंत्र सेवेकडून भाड्याने मिळते, स्वतःचे असेल तर उत्तम. करारात चोवीस तासांच्या आत खेचरे पाठवण्याचे आश्वासन होते. संध्याकाळी संदेश गेला, उत्तर तासाभरात आले, आणि दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत दोन खेचरे व एक घोडा घेऊन तो मुलगा हजर झाला. आल्यावर त्याने चहासुद्धा घेतला नाही. आधी मागच्या फऱ्यांच्या पिशव्या उघडल्या, खुब्याच्या सांध्यात सुरीचे टोक घालून बाहेर काढले, ते नाकाशी नेऊन हुंगले, मग पाठीच्या पट्ट्यांवरून तळहात फिरवून त्या कोरड्या आहेत का ते पाहिले. समाधान झाल्यावर पेट्यांच्या तळाशी झाडपाल्याऐवजी स्वच्छ चादर अंथरली, फरे उलटसुलट रचून दोन्ही बाजूंचे वजन तोलले, वर कॅनव्हास टाकला आणि दोर आवळला. ऊन तापायच्या आधी पाइनच्या सावलीतील वाट गाठायची म्हणून तो लगेच निघालाही. संध्याकाळी मांस रस्त्याजवळच्या त्यांच्या थंड खोलीत टांगले गेले होते, आणि मोसम संपवून आम्ही बाहेर आलो तेव्हा प्रत्येक पिशवीवर वेळ आणि वजन लिहिलेली चिठ्ठी होती. माझा परवाना मात्र कोराच राहिला, त्याचा दोष सेवेकडे जात नाही.

याच कारणासाठी पाण्याची आणि जागेची तक्रार असूनही मी या सेवेला पाचपैकी चार गुण देतो. छावणीची जागा नीट असती तर अर्धा गुण आणखी दिला असता. हाडे काढून मिळालेले मांस शंभर किलोंच्या आसपास होते, त्यातील एक तुकडाही वाया गेला नाही. चरबी जवळजवळ नसल्याने हे मांस मटणासारखे शिजवले तर कोरडे पडते. खांद्याचे तुकडे काळ्या मसाल्यात मंद आचेवर ठेवले तर रस्सा उत्तम होतो, पाठीच्या पट्टीला मात्र तिखट-मीठ आणि गरम तवा यापलीकडे काहीही लावू नये. रोगाची शंका असणाऱ्यांसाठी सांगतो : हरिणकुळातील प्राण्यांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग न्यू मेक्सिकोत २००२ साली प्रथम आढळला, आणि मारलेल्या जनावराचा नमुना तपासून घेण्याची सोय राज्याच्या विभागाकडे आहे. ती वापरावी, आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवावे.

खर्च दोघांत मिळून काही हजार डॉलर आला, आणि शेवटी मुलाला व त्याच्या वडिलांना दिलेली बक्षिसी वेगळी. एकट्याने जाणाऱ्याला हा सौदा महाग पडेल, चौघांना स्वस्त. ज्यांनी याआधी मोठे जनावर स्वतः सोललेले नाही, त्यांनी ड्रॉप कॅम्प घेऊ नये. त्यांच्यासाठी वाटाड्यासहची सेवाच योग्य, मग ती कितीही महाग असो, कारण खेचरे चोवीस तासांत येतात पण मांस त्याआधी सहा तासांतच बिघडू शकते. ज्यांना रानात राहण्याची सवय आहे, नकाशा वाचता येतो आणि सुरी चालवता येते, त्यांना यापेक्षा मोकळी आणि तरीही सुरक्षित सोय मिळणार नाही. शिकार होवो वा न होवो, मोसमानंतर राज्याकडे अहवाल ऑनलाइन भरावाच लागतो. सेवेने त्याची आठवण करून देणारा संदेश पाठवला, हेही नोंदवले पाहिजे.

आगाऊ रकमेविषयी एवढेच, की ती सोडतीचा निकाल लागण्याआधी कोणालाही देऊ नये. वरच्या दहा टक्क्यांच्या वाट्यातून अर्ज करणाऱ्यांना मात्र करार आधीच करावा लागतो, त्यांनी त्या करारात ‘परवाना न मिळाल्यास पूर्ण परतावा’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. आमच्या करारात निम्मी रक्कम परत न मिळणारी होती, पण वणव्यामुळे किंवा वन सेवेने रान बंद केल्यास ती पुढच्या वर्षी वळती करू, असे वडिलांनी तोंडी सांगितले. मी ते वाक्य त्यांच्याकडून करारावर हाताने लिहवून घेतले आणि त्याखाली सही व तारीख घातली, त्यांनी त्याला हरकत घेतली नाही.